उजव्या पायाचा डाग

माझ्या लग्नाची बोलणी चालली होती तेव्हा बाबांनी होणाऱ्या जावयाला एकच प्रश्न विचारला. पगाराचं आईनं आडून आडून काढून घेतलं होतं. अमेरिकेला कधी जाणार हे मावशीनं सरळच विचारलं होतं. बाबा इतका वेळ कोपऱ्यात बसून सुपारी कातरत होते. मग त्यांनी अडकित्ता खाली ठेवला आणि म्हणाले, “सायकल येते का?”

“हो,” तो म्हणाला.

“झालं तर मग,” बाबा म्हणाले, आणि माझं लग्न ठरलं.

बाबा पुण्यातल्या एका कारखान्यात होते. ऊन असो, पाऊस असो, सायकलवरून गेले आणि सायकलवरून आले. निवृत्त झाल्यावरही सकाळचा फेरफटका सायकलवरूनच. ज्याला सायकल येते तो कुठंही अडून राहत नाही, अशी त्यांची ठाम समजूत होती. आम्हा दोघी बहिणींना शाळेत घालायच्या आधी त्यांनी सायकलवर बसवलं, असं आई म्हणायची, आणि ती फार वाढवून सांगत नव्हती.

जावई मुंबईचा, मुलुंडचा. लग्नानंतर दोन महिन्यांत आम्ही कॅलिफोर्नियात सनीव्हेलला आलो. तिथं बिऱ्हाड मांडायच्या आधी गाडी घेतली. त्यामुळे सायकलचा विषय पुढं निघालाच नाही. पाच वर्षं निघाला नाही.

मग नोकऱ्या जायची ती वर्षं आली. दोन हजार एक, दोन. आम्ही राहायचो त्या अपार्टमेंट्समध्ये आधी संध्याकाळी पार्किंगला जागा मिळायची नाही. बघता बघता तिथं मुलांना क्रिकेट खेळता येईल एवढी जागा झाली. कचऱ्याच्या डब्यांपाशी रोज काही ना काही येऊन पडलेलं असायचं. गाद्या, टेबलं, दिवे, चांगले सोफे. लोक रातोरात म्हणावं तसे निघून जात होते. नोकरीवरच व्हिसा, त्यामुळे नोकरी गेली की इथं राहण्याचा पायाच गेला. भिशीत, देवळात, किराणा दुकानात, दुसरं बोलणंच नव्हतं. कुणाकडे काय झालं, कुणाचं काय होणार.

आमच्या खालच्या मजल्यावर नागपूरचं एक जोडपं राहायचं. तो आणि माझा नवरा एकाच कंपनीत, वेगवेगळ्या टीममध्ये. त्या गृहस्थांची नोकरी गेली आणि त्यांनी बायकोला सांगितलंच नाही. रोज सकाळी आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून, डबा घेऊन निघायचे आणि दिवसभर लायब्ररीत बसायचे. तीन आठवडे हे चाललं. शेवटी कुणीतरी त्यांना तिथं वर्तमानपत्रावर डोकं ठेवून झोपलेलं पाहिलं आणि बातमी घरी पोचली.

त्यांची बायको माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसली. रडली नाही. म्हणाली, “नोकरीचं काही नाही हो ताई. सगळ्यांच्याच जाऊन राहिल्यात. पण मी रोज पोळी-भाजी करून द्यायची, हे लायब्ररीत बसून खायचे, आणि संध्याकाळी मी विचारायची, कसा गेला दिवस? तर म्हणायचे, बिझी होता. माझं किती हसू झालं असेल मनातल्या मनात, याचंच वाटून राहिलं मला.”

“हसत कशाला असतील,” मी म्हटलं. “घाबरले असतील.”

“मग घाबरायचं ना माझ्यासमोर,” ती म्हणाली.

ते दोघं गेले. जाताना पोळपाट-लाटणं आणि कणकेचा मोठा डबा मला देऊन गेली. तिचं ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. त्या दिवशी जेवताना मी नवऱ्याला म्हटलं, “तू असलं काही केलंस ना, तर बघ.”

“काहीतरीच काय यार,” तो म्हणाला. पण म्हणताना ताटाकडे बघत म्हणाला. वरणात लिंबू पिळलेलं होतं तरी पुन्हा पिळलं.

माझा स्वभाव संशयी आहे असं माझ्या सासरी म्हणतात. तसं नाही. मला दिसतं, एवढंच. त्यानंतर आठवडाभरात मला एकेक दिसायला लागलं. त्याच्या ऑफिसच्या बुटांवर पांढुरकी धूळ असायची. ऑफिसात सगळीकडे कार्पेट, मग धूळ आली कुठून? एकदा दोन्ही तळहात खरचटलेले होते. “पार्किंगमध्ये पाय घसरला,” म्हणाला. पुढच्या आठवड्यात कोपर. पुन्हा पार्किंग. संध्याकाळी घरी आला की आधी आंघोळीला पळायचा. जेवायला दोन पोळ्या जास्त लागायच्या. आणि झोप! नोकऱ्या जायला लागल्यापासून हा माणूस रात्र रात्र छताकडे बघत पडायचा. आता पाठ टेकली की घोरायला सुरुवात. अंगमेहनत केल्याशिवाय अशी झोप लागत नाही, हे मला कुणी सांगायला नको होतं.

दुपारी ऑफिसात फोन केला की वाजत राहायचा. मी निरोप ठेवायची नाही, उगाच मशिनशी काय बोलायचं. थोड्या वेळानं पुन्हा करायची. पुन्हा वाजत राहायचा. संध्याकाळी विचारलं तर, “मीटिंग होती गं.” रोज जेवणाच्याच वेळेला मीटिंग!

मग तो डाग सापडला. तळमजल्यावरच्या लाँड्री रूममध्ये मी कपडे मशिनमध्ये टाकत होते. त्याच्या खाकी पँटच्या खालच्या काठापाशी काळा, चिकट, तेलकट डाग होता. दुसरी पँट काढून बघितली, तिलाही तसाच. भांडी घासायचा साबण लावून चोळला तर डाग गेला नाही, नुसता पसरला. ग्रीस होतं ते. यंत्राचं ग्रीस.

तेव्हा आमच्या लोकांत एक गोष्ट फिरत होती. कुणाच्या तरी मावसभावाची नोकरी गेली, तर तो एका गॅरेजमध्ये गाड्यांखाली झोपून रोख पैशावर काम करतो म्हणे. एम.टेक. झालेला मुलगा. आमच्या व्हिसावर असलं काम म्हणजे सरळ गुन्हा, पकडला गेला तर थेट विमानात. ही गोष्ट खरी होती की नाही देव जाणे, पण सांगणारा प्रत्येक जण वेगळ्या गावाचं नाव घ्यायचा. मी त्या लाँड्री रूममध्ये दोन्ही पँटी मांडीवर घेऊन बसले आणि सगळं जुळवलं. धूळ, खरचटलेले हात, भूक, झोप, न उचललेला फोन, ग्रीस. नोकरी गेलेली आहे. हा गॅरेजमध्ये जातो. आणि मी रोज विचारते आहे, कसा गेला दिवस.

मी त्याला विचारलं का नाही? भीती वाटली म्हणून. विचारलं नाही तोवर नोकरी आहे, असं काहीतरी मनात होतं. आणि विचारलं आणि तो खोटं बोलला तर? नोकरीपेक्षा मला त्या उत्तराची जास्त भीती वाटत होती. पोळ्या लाटताना हात थांबायचा. हातात लाटणं नागपूरकरणीचंच होतं.

एका बुधवारी तो निघून गेल्यावर ओट्यावर दह्याची डबी दिसली. तो विसरून गेला होता. मला निमित्त मिळालं. डबी पिशवीत घातली, बस पकडली, उतरून बरंच चालले आणि भर दुपारी त्याच्या ऑफिसात पोचले. दारातून आत गेले तर रिसेप्शनला कुणीच नाही. तिथली हसरी बाई आधीच कमी केली होती. टेबलावर एक फोन होता आणि कुंडीतलं झाड पार वाळलेलं. मी त्याच्या नंबरला फोन लावला. वाजत राहिला. मग त्याचाच आवाज आला, इंग्रजीत, मजेत, मी आत्ता जागेवर नाही. एवढ्या आनंदात तो माझ्याशी कधी बोलला होता मला आठवेना.

बाहेर येऊन मी पार्किंगच्या सगळ्या रांगा फिरले. गाड्या होत्या त्याच मूठभर. आमची नव्हती.

म्हणजे खरं होतं तर. तिथंच फरशीच्या कडेला बसावंसं वाटलं, पण पार्किंगमध्ये रडणं माझ्या रक्तात नाही. इमारतीच्या मागं एक मातीचा उंच बांध दिसत होता. त्याच्यावरून कुणीतरी टोपी घातलेला म्हातारा चालत गेला. वर कुणी ओळखीचं भेटायचं नाही, एवढाच विचार करून मी तो चढ चढून गेले.

इतकी वर्षं सनीव्हेलमध्ये राहून हे मी कधी पाहिलंच नव्हतं. गाडीच्या रस्त्यावरून ते दिसतही नाही. बांधावर बारीक खडी टाकून रस्ता केलेला, दोघंजण शेजारी शेजारी चालतील एवढा. सुरुवातीला मधोमध लोखंडी खांब रोवून कुलूप घातलेलं, म्हणजे मोटार येण्याची सोयच नाही. दोन्ही बाजूंना खाडीचं अडवलेलं पाणी, लांबवर पसरलेलं, कडांना मिठाची पांढरी रेघ. मिठागरंच ती, जुनी. चिखलाचा वास येत होता. चिखलात बगळे उभे होते, आणि मोठ्या चोचीचे दोन पक्षी पाण्यावर तरंगत होते. आवाज म्हणाल तर वाऱ्याचा आणि माझ्या चपलांखालच्या खडीचा. मागं ऑफिसांच्या काचा चमकत होत्या, त्यांच्या पलीकडे हायवे होता, पण इथं त्याची नुसती गुणगुण पोचत होती. मी थोडी पुढं गेले, पिशवी छातीशी धरली आणि मनसोक्त रडले.

रडून झाल्यावर नाक पुसत होते तर समोरून एक सायकलवाला येताना दिसला. दुरून बघतानाच माझ्या लक्षात आलं की याला काही नीट येत नाही. हँडल इकडून तिकडे, खांदे कानापर्यंत वर, नजर थेट पुढच्या चाकावर. एवढा रुंद रस्ता मोकळा असून त्याला पुरत नव्हता. मला रडू येत होतं तरी चीड आली. पुण्याच्या पोरीला वाईट सायकल बघवत नाही.

तो जवळ आला आणि ओरडायला लागला, “एक्सक्यूज मी! एक्सक्यूज मी!” थांबता येत नव्हतं वाटतं. आणि मग मान वर करून, “अगं!”

पुढच्या क्षणी सायकल एका बाजूला, हेल्मेट दुसऱ्या बाजूला आणि माझा नवरा बांधाच्या उतारावरच्या झुडपात.

मी धावत गेले. लागलंय का विचारायला हवं होतं. पण तोंडातून निघालं, “गेली ना?”

“काय गेली?”

“नोकरी!”

“कुणाची?”

“तुझी!”

तो झुडपात बसल्या बसल्या घाबरला. “कोण म्हणालं? घरी फोन आला का?”

“म्हणजे आहे?”

“सकाळपर्यंत तरी होती. आत्ता फक्त लंचला बाहेर आलोय. अगं, नक्की काय झालंय? कोणी फोन केला?”

“शपथ?”

“तुझी शपथ. माझी शपथ. कोणाचीही घे यार, पण आधी सांग, फोन आला होता का?”

मी उत्तर देणार होते, पण माझं लक्ष त्याच्या पायाकडे गेलं. पँटचा डावा पाय सरळ होता. उजवा पाय मोज्यात खोचलेला होता, आणि तिथं, आतल्या बाजूला, घोट्याच्या वर, ताजा काळा डाग होता.

उजव्या पायाला. फक्त उजव्या. माझ्या लहानपणी आई रोज बाबांच्या पँटच्या उजव्या पायाला रॉकेल लावून घासायची. चेनचा डाग! बाबांनी त्यासाठी पँटला लावायची क्लिपसुद्धा आणली होती आणि ती रोज हरवायची. आमच्या गल्लीतल्या प्रत्येक पुरुषाच्या पँटवर तो डाग होता. मी सायकलवाल्याची मुलगी, दोन दोन पँटी मांडीवर घेऊन बसले आणि त्यात मला गॅरेज दिसलं, मोटारींखाली झोपलेला नवरा दिसला, विमान दिसलं, पण सायकल दिसली नाही. मी कपाळावर हात मारून घेतला आणि हसायला लागले. हसता हसता पुन्हा रडले. इतकं हलकं मला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं. नोकरी आहे. गॅरेज नाही. नवरा झुडपात आहे, पण आहे तोच आहे.

मग आम्ही बांधावर बसलो, दह्याची डबी उघडली, आणि त्यानं सगळं सांगितलं. नागपूरकर निघताना त्याला म्हणाले होते, “माझी सायकल घ्या. तुम्हाला येते ना?” आणि ह्याच्या तोंडून सवयीनं “हो” गेलं.

“मग मला का नाही सांगितलंस?”

“तुला काय सांगू? सायकल येत नाही म्हणून? तुझ्या बाबांनी एकच प्रश्न विचारला होता. बाकी सगळ्यांत पास झालो होतो, त्या एका प्रश्नावर मी कॉपी केली.”

“मुलुंडला काय, सायकली नव्हत्या?”

“होत्या की. आमच्या बिल्डिंगमध्ये एकच होती आणि तिच्यावर नंबर लावायला लागायचा. माझा नंबर येईपर्यंत मी दहावीला गेलो. मग लाज वाटायला लागली.”

ह्याची ती पाच वर्षांची थाप ऐकून मला राग यायला हवा होता. त्या दुपारी राग कुठं शोधूनही सापडला नाही.

“पण जेवणाच्या वेळेला का?” मी विचारलं.

त्यानं दह्याचा चमचा माझ्या हातात दिला. म्हणाला, ऑफिसात हल्ली जेवणाच्याच वेळेला बोलावतात. डेस्कवरचा फोन वाजतो, एचआरवाली बाई गोड आवाजात म्हणते, पाच मिनिटं येशील का? गेलेला माणूस परत जागेवर येत नाही. त्याचं सामान दुसरंच कुणीतरी खोक्यात भरतं. त्यामुळे बारा वाजले की सगळे आपापल्या फोनकडे बघत बसतात, कुणी जेवत नाही. एक दिवस त्याला ते सहन होईना. तो उठला, गाडी घेऊन या बांधाच्या दुसऱ्या टोकाच्या पार्किंगला आला आणि डिकीतली सायकल बाहेर काढली.

“सायकलवर असताना नोकरीचा विचार करताच येत नाही,” तो म्हणाला. “केला की पडतो. आणि इथं मागून काही येत नाही गं. पहिल्या दिवशी मी सारखा मागं वळून बघत होतो. ट्रक नाही, बस नाही, कोणी हॉर्न मारत नाही. पडलो तर पडलो. उठून बसतो. पण परत गेलो की रोज डेस्कवर मिस्ड कॉल असतो. दोन-दोन, तीन-तीन. निरोप काही नाही. रोज वाटतं, एचआरचाच आहे. उद्या पकडणार.”

मी दह्याचा चमचा डबीत ठेवला.

“तो फोन मी करत होते,” मी म्हटलं.

“सगळे?”

“सगळे.”

“महिनाभर मला तू घाबरवत होतीस?”

“आणि तू मला.”

त्याचा चेहरा असा सैल पडला की त्या क्षणी तो अगदी बघायला आला होता तसा दिसला, पंचवीस वर्षांचा. मग आम्ही दोघंही हसायला लागलो. टोपीवाला म्हातारा परत येत होता, त्यानं आमच्याकडे बघून मान डोलावली आणि निघून गेला.

तिथंच मी त्याच्याकडून कबूल करून घेतलं. नोकरी गेली तर त्याच दिवशी, त्याच तासाला मला सांगायचं. आडपडदा नाही, लायब्ररी नाही. तो म्हणाला, बरं. मी म्हटलं, बरं नाही, हो म्हण. तो हो म्हणाला. मग माझ्या लक्षात आलं की याच्या ‘हो’ला काय अर्थ आहे ते आत्ताच कळलंय. पण त्याच्याकडे दुसरा शब्द नव्हता आणि माझ्याकडे दुसरा नवरा नव्हता.

त्या शनिवारपासून मी त्याला शिकवायला घेतलं. त्या सायकलला कॅरिअर नव्हतं, त्यामुळे सीटच्या मागं धरून मी खडीवरून पळायची. बाबा ओरडायचे तेच सगळं ओरडायची. पुढं बघ! चाकाकडे बघू नकोस! खांदे खाली! पुण्यात मी शिकले ती भर रस्त्यात, एका बाजूला पीएमटीची बस आणि दुसऱ्या बाजूला म्हशी. तिथं चूक करायला जागाच नव्हती. इथं नवऱ्याला चुका करायला खाडीपर्यंत मोकळं रान होतं आणि त्यानं ते पुरेपूर वापरलं.

त्याची सगळ्यात मोठी अडचण होती ती मागून येणाऱ्या सायकलवाल्यांची. ते तिथल्या पद्धतीनं ओरडायचे, “ऑन युवर लेफ्ट!” म्हणजे मी तुझ्या डावीकडून पुढं जातोय, तू आपला उजवीकडे राहा. आमच्या कानाला ‘लेफ्ट’ एवढंच ऐकू यायचं. जन्मभर डाव्या बाजूनं चालणारी माणसं आम्ही, तो इमानदारीनं डावीकडे वळायचा, सरळ त्यांच्या पुढ्यात. एका बाईनं त्याला वाचवण्यासाठी आपली सायकल गवतात घातली. तिची माफी मागताना तो इतक्या वेळा सॉरी म्हणाला की शेवटी तीच म्हणाली, सावकाश शिक, इथं घाई कुणाला आहे?

वळण घ्यायला जमलं त्या दिवशी त्यानं लांबवर हात दाखवून मला म्हटलं, “हे बघ, अगदी आमच्या मुलुंडच्या मिठागरांसारखं आहे. वासही तोच.” मुलुंडचा वास असा कौतुकानं घेणारा माणूस मी पहिल्यांदाच बघितला. मीही मग कुणीतरी टाकून गेलेल्या सामानातली एक सायकल उचलली, आणि शनिवारी-रविवारी आम्ही दोघं बांधावरून जायला लागलो. तो पुढं, मी मागं. मागं कारण तो पडला तर दिसायला हवा. पुढंपुढं तो पडेनासा झाला तरी मी मागंच राहिले. सरळ पाठीनं, एका लयीत पायडल मारत जाणारा तो मला बघायला आवडायचा. आणि मागून काही येत नाही हे त्याला जितकं सुखाचं वाटायचं तितकंच मलाही, हे मी त्याला सांगितलं नाही. नाहीतर पुणेकरणीला कशाची भीती, म्हणून चिडवत बसला असता.

काळे डाग तसेच पडत राहिले. मी घासत राहिले. घासताना आता बरं वाटायचं.

उन्हाळ्याच्या सुरुवातीला एका दुपारी मी कपड्यांच्या घड्या घालत होते. खालून हाक आली. माझं नाव, मोठ्यानं, पार्किंगमधून. खिडकीतून बघितलं तर हा सायकलवर, एक पाय जमिनीवर टेकलेला, हेल्मेट हँडलला अडकवलेलं. बांधावरून निघून गाड्यांचे रस्ते ओलांडत तो पहिल्यांदाच सायकलवरून घरी आला होता.

“गेली!” तो खालून ओरडला. अख्ख्या अपार्टमेंटला ऐकू जाईल असा. “आत्ताच गेली! तू म्हणाली होतीस ना, त्याच तासाला!”

मला दुःख व्हायला हवं होतं. झालंही, पण नंतर. आधी जे वाटलं ते सुटल्यासारखं. वर्षभर जिच्या येण्याची भीती होती ती वेळ आली होती आणि तिनं आम्हाला एकमेकांपासून लपलेलं पकडलं नव्हतं. मी जिना उतरून खाली गेले. “गाडी तिथंच आहे, सामान आत,” तो म्हणाला. “चालवायची हिंमत झाली नाही. सायकल झाली. उद्या आणू.”

“आणू,” मी म्हटलं. “थांब, माझी सायकल काढते.”

आम्ही बांधावर गेलो. ऑफिसच्या काचा डाव्या हाताला चमकत होत्या, त्यांच्याकडे दोघांनीही बघितलं नाही. वारा समोरून होता, त्यामुळे बोलता येत नव्हतं आणि बोलायचंही नव्हतं. खडी करकरत होती.

नोकरी पुढं मिळाली. टेक्सासात, अर्विंगला, व्हिसाचे दिवस संपत आले होते तेव्हा, अगदी शेवटच्या टप्प्यात. पण त्या संध्याकाळी ते आम्हाला माहीत नव्हतं. त्या संध्याकाळी मी पुण्याला फोन लावला. सगळे म्हणायचे, आईवडिलांना सांगायचं नाही, उगाच काळजी. पण लपवायचं नाही म्हणजे नाही, त्यात हा एक आणि तो एक असं कुठं करायचं? तिकडे सकाळ झाली होती. आई फोनवर होती, ऐकलं आणि रडायलाच लागली. मग रिसीव्हर बाबांनी घेतला. ते नुकतेच सायकलवरून फिरून आले होते, अजून धाप लागलेली ऐकू येत होती.

“नोकरी गेली होय,” ते म्हणाले.

“हो बाबा.”

“बरं. आजारी-बिजारी नाही ना कुणी?”

“नाही.”

“मग रडायला काय झालं? दुसरी मिळेल. सायकल येणारा माणूस आहे, तो कुठं अडून राहतोय?”

माझे डोळे भरून आले. समोर नवरा जमिनीवर बसून उजवा मोजा काढत होता, पँट वर करून डाग बघत होता. पाच वर्षांत पहिल्यांदाच मी बाबांना छातीवर हात ठेवून सांगू शकत होते.

“हो ना बाबा,” मी म्हटलं. “आता छान येते त्याला.”

नवऱ्यानं मोजा हातात धरून माझ्याकडे बघितलं.

“आता म्हणजे?” बाबा म्हणाले.